दारू-गर्द सोडायचंय आणि येशूचा आधारही हवाय: मुंबईत सुरुवात कुठून करायची

नवऱ्याची दारू सुटावी म्हणून माहीमला नोव्हेनाचे नऊ बुधवार करणाऱ्या बायका मुंबईत कितीतरी आहेत. मोत माऊलीला मेणबत्ती लावणाऱ्या आयाही तितक्याच, आणि त्यातल्या बऱ्याचजणी ख्रिस्ती नसतात. नवस बोलला जातो, मेणबत्ती जळते आणि दहाव्या बुधवारी नवरा पुन्हा स्टेशनसमोरच्या बारमध्ये दिसतो. यात माऊलीला बोल लावण्यात अर्थ नाही. नवस बायकोनं बोललेला असतो. पिणारा माणूस अजून कुठेच गेलेला नसतो, ना दवाखान्यात, ना मीटिंगला, ना चर्चमध्ये.

हा लेख त्या पिणाऱ्यासाठी आहे. गर्द ओढणाऱ्यासाठी, एमडी (मेफेड्रोन) घेणाऱ्यासाठी, गोळ्यांच्या पाकिटाशिवाय झोप न येणाऱ्या बाईसाठीही आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ख्रिस्तावरच्या विश्वासानं माणसं नशेतून बाहेर आलेली मी पाहिली आहेत, पण एकट्यानं खोलीत गुडघे टेकून बाहेर आलेली फार थोडी. बाकीच्यांच्या बाबतीत देवानं डॉक्टर, पाळक, स्पॉन्सर (म्हणजे मीटिंगमधला, नवख्याला वाट दाखवणारा जुना सोबती) आणि मागच्या बाकावर बसणारा एखादा जुना दारुडा यांच्या हातून काम केलं. त्या माणसांपर्यंत पोचायचं कसं, एवढंच इथे लिहितो.

आधी शरीर, मग उपास-प्रार्थना

रोज पिणाऱ्यानं दारू एका झटक्यात बंद करणं धोक्याचं असतं. हे वाक्य प्रत्येक चर्चच्या फळ्यावर लिहावं असं मला वाटतं, कारण आमच्याकडे बरोबर उलटं घडतं. शुक्रवारच्या उपास-प्रार्थनेत माणूस रडतो, हात वर करून ‘आजपासून बंद’ म्हणतो, सगळे हालेलुया म्हणतात आणि तो घरी जातो. शनिवारी सकाळी हात थरथरायला लागतात, घाम फुटतो, पोटात काही टिकत नाही. शेवटच्या पेगनंतर साधारण ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान काहींना भास सुरू होतात: भिंतीवर किडे चालताना दिसतात, खोलीत नसलेली माणसं हाका मारतात, ताप चढतो, आपण कुठे आहोत हे कळेनासं होतं. डॉक्टर याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. उपचार मिळाले नाहीत तर यात माणूस दगावतो. घरच्यांना मात्र हे भूतबाधेसारखं दिसतं. मग पास्टरला फोन जातो, तेल लावून प्रार्थना होते आणि हॉस्पिटलात न्यायचे तास निघून जातात. प्रार्थना जरूर करा, पण ती टॅक्सीत बसून करा.

सकाळी उठल्या उठल्या घ्यावी लागते, पूर्वी कधी फिट आली आहे किंवा रोजच्या दोन-दोन क्वार्टर होतात, यातलं एक जरी तुम्हाला लागू असेल तर सोडण्याआधी डॉक्टरला भेटा. परळचं केईएम, सायनचं लोकमान्य टिळक आणि मुंबई सेंट्रलचं नायर या पालिकेच्या तिन्ही मोठ्या हॉस्पिटलांत मानसोपचार विभागाची ओपीडी आहे. सकाळी लवकर जा, केसपेपर काढा, सोबत एक माणूस न्या आणि किती पिता ते खरं सांगा. लाजून अर्धं सांगितलंत तर औषधाचा डोसही अर्धाच बसेल. फिट, भास किंवा बेशुद्धी सुरू झाली असेल तर ओपीडीची वाट बघू नका. १०८ ला फोन करा नाहीतर थेट कॅज्युअल्टी गाठा.

‘अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावून टाका’ ही मुंबईची जुनी सवय. गल्लीतल्या दवाखान्यात ग्लुकोज चढतं आणि माणूस घरी येतो. पण जुन्या पिणाऱ्याच्या अंगात बी-१ हे जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, फार कमी उरलेलं असतं. ग्लुकोजच्या आधी किंवा निदान सोबत थायमिन दिलं नाही तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. ‘डॉक्टर, थायमिन दिलंत का?’ हे विचारायला संकोच करू नका.

दारूखेरीज बाकीच्या नशांचं गणित वेगळं आहे. गर्दची टर्की, म्हणजे बंद केल्यावरचा त्रास, असह्य असते, हाडं मोडल्यासारखी वाटतात, पण सहसा ती जीव घेत नाही. जीव जातो तो नंतर. महिनाभर बंद राहिलेला मुलगा एक दिवस पूर्वीइतकाच डोस घेतो, शरीराची सवय गेलेली असते आणि श्वास थांबतो. झोपेच्या गोळ्या, पोरं ज्यांना ‘बटण’ म्हणतात त्या, अचानक बंद केल्या तर दारूसारखीच फिट येऊ शकते. त्या डॉक्टरच्या देखरेखीखाली हळूहळू कमी कराव्या लागतात. एमडी सोडल्यावर फिटपेक्षा उदासीची भीती जास्त. पहिले काही आठवडे मनात जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येऊ शकतात, तेव्हा एकटं राहू नये. फोनवर बोलायचं असेल तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेली-मानस १४४१६, दोन्ही मोफत. टेली-मानसवर मराठीत बोलता येतं.

कोणत्या दारातून आत जायचं

‘चर्च’ म्हटलं की बाहेरच्याला सगळं एकच वाटतं. तसं नाही, आणि नशामुक्तीच्या बाबतीत हा फरक जाणून घेणं उपयोगाचं आहे.

कॅथलिक दारातून आलात तर पहिलं नाव कृपा फाउंडेशनचं. वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आवारात १९८१ साली फादर ज्यो परेरा यांनी ते सुरू केलं. फादर स्वतः योगगुरू बी. के. एस. अय्यंगार यांचे शिष्य, त्यामुळे तिथे अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या बारा पायऱ्यांच्या कार्यक्रमाला (त्याबद्दल पुढे) योगासनांची जोड आहे. २००९ साली फादरना पद्मश्री मिळाली. संस्था पाद्र्यानं उभी केलेली असली तरी तिथे सगळ्या धर्मांची माणसं येतात. वसईलाही त्यांचं केंद्र आहे. विरार-वसई पट्ट्यातल्या मराठी माणसाला तेच सोयीचं, कारण १९९८ साली झालेल्या वसई धर्मप्रांतात मिस्सापासून (कॅथलिक उपासनेपासून) गप्पांपर्यंत सगळं मराठीत चालतं. मुंबईतही काही पॅरिशमध्ये मराठी मिस्सा असते. ऑफिसात विचारलं की वेळ सांगतात.

प्रॉटेस्टंट बाजूला मराठीची परंपरा जुनी आहे. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ साली मुंबईत उतरले. भायखळ्याचं ह्यूम मेमोरियल, गिरगावचं आंब्रोली ही त्या जुन्या मराठी ख्रिस्ती मुंबईची चर्चेस. अशा मंडळ्यांत व्यसनमुक्तीचा वेगळा विभाग बहुधा नसतो, पण पाळक असतात, वडीलमंडळ असतं, भगिनीमंडळ असतं आणि घरी येऊन बसणारी माणसं असतात. ज्याच्या घरी रविवारी संध्याकाळी कोणीच येत नाही त्याला याची किंमत कळेल. मुक्तिफौज, म्हणजे साल्व्हेशन आर्मी, १८८२ साली मुंबईत आली. तिचे सैनिक दारू, तंबाखू आणि नशा यांपासून लांब राहण्याचं वचन देऊनच भरती होतात. दारूचा थेंब नसलेली संगत शोधणाऱ्यासाठी हे घर चांगलं. रस्त्यावर राहणाऱ्या, कामाठीपुऱ्याच्या आसपास अडकलेल्या व्यसनी लोकांत के. के. देवराज यांनी १९९० साली सुरू केलेलं बॉम्बे टीन चॅलेंज काम करतं. तिथला रंग उघडपणे सुवार्तिक, म्हणजे येशूचा प्रचार करणारा, आहे.

तिसरा दरवाजा चाळीतल्या, झोपडपट्टीतल्या, भाड्याच्या हॉलमधल्या पेंटेकॉस्टल प्रार्थनासभांचा. तिथलं प्रेम खरं असतं. रात्री दोन वाजता फोन केला तरी माणूस धावत येतो, आणि हे मोठ्या चर्चमध्ये क्वचितच घडतं. पण तिथेच ‘गोळ्या फेकून दे, विश्वास ठेव’ असंही ऐकायला मिळतं. असं कोणी सांगितलं तर नमस्कार करून घरी या. नशा म्हणजे सैतानाचा आत्मा, तो मारून काढायचा, असं म्हणून कोणी हात उगारला तर तो महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. मारणाऱ्याच्या हातात बायबल होतं म्हणून तो सुटत नाही.

एक गोष्ट आडपडदा न ठेवता सांगायला हवी. ख्रिस्ती घरात शिरलो म्हणजे दारूपासून लांब गेलो, असं समजू नका. ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळ कॅथलिकांच्या, लग्नात खिमाड ही दारू असते, नाताळला घरची वाइन असते आणि ‘कानाच्या लग्नात येशूनंच पाण्याचा द्राक्षारस केला की’ हे कोणीतरी पहिल्या आठवड्यातच ऐकवणार. पौलानं तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं होतं, हेही ऐकवणार. उलट नगर-मराठवाड्याकडून आलेल्या प्रॉटेस्टंट कुटुंबांत दारूचं नाव काढलं तरी चेहरे आक्रसतात. दोन्हीकडे नवख्याची कोंडी होते: एकीकडे ग्लास हातात ठेवला जातो, दुसरीकडे खरं बोललं की पत जाते. वादात पडू नका. ‘मला चालत नाही’ एवढं म्हणा आणि लग्नातून जेवण झाल्याबरोबर निघा.

ख्रिस्ती व्हावं लागतं का?

नाही. मिस्सा असो की उपासना, कोणीही मागे येऊन बसू शकतं. कॅथलिक चर्चमध्ये कम्युनियनच्या, म्हणजे पवित्र भाकर घेण्याच्या, रांगेत मात्र कॅथलिक नसलेल्यानं उभं राहू नये. जागेवर बसून राहिलात तर कोणी वाईट मानत नाही. बाप्तिस्म्याचा विचार पुढे मनात आला तर येऊ दे, पण सोडल्यानंतरच्या पहिल्या महिन्यांत तो निर्णय घेऊ नका. तेव्हा डोकं कधी आकाशात असतं, कधी पाताळात. आणि जो पाळक उपचाराच्या बदल्यात बाप्तिस्मा मागतो त्याच्यापासून लांब राहा. आणखी एक व्यवहाराची बाब, जी कोणी बोलत नाही: अनुसूचित जातीचा दर्जा १९५० च्या आदेशानुसार हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच मिळतो. ज्याच्या घरात दाखल्यावर शिक्षण-नोकरी अवलंबून आहे त्यानं या गोष्टीचा घरच्यांबरोबर बसून शांतपणे विचार करावा.

पहिली मीटिंग

चर्चमध्ये जात असलात तरी अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या, म्हणजे एएच्या, मीटिंगला जा. गर्द-एमडीवाल्यांसाठी नार्कोटिक्स अॅनॉनिमस, एनए. ‘तिथे येशूचं नाव घेत नाहीत’ म्हणून काही पास्टर नाकं मुरडतात. त्यांना इतिहास सांगा. १९३५ साली अमेरिकेतल्या ऑहायो राज्यात अॅक्रन गावी बिल विल्सन आणि डॉक्टर बॉब स्मिथ भेटले. ते दोघेही ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीच्या संपर्कातले होते. पापाची कबुली, देवाला शरण जाणं, नुकसान भरून देणं, दुसऱ्याला मदत करणं ही त्या चळवळीची शिकवणच पुढे बारा पायऱ्यांत उतरली. १९३९ साली त्या छापल्या गेल्या तेव्हा ‘आम्हाला जसा समजला तसा देव’ असे शब्द घातले, कारण दारुड्यांना धर्म विचारून आत घ्यायचं नव्हतं. तुम्हाला देव ख्रिस्तात समजला असेल तर तिसऱ्या, म्हणजे देवाला शरण जाण्याच्या, पायरीवर त्याचंच नाव घ्या, मनातल्या मनात. मीटिंगमध्ये प्रवचन मात्र देऊ नका. शेजारी मुसलमान असेल, नास्तिक असेल. तोही तुमच्यासारखाच जीव वाचवायला आलाय.

मीटिंग बहुधा संध्याकाळी, पालिकेच्या शाळेत किंवा चर्चच्या हॉलमध्ये असते. फी नसते, फॉर्म नसतो. पूर्ण नाव विचारत नाहीत, जात-धर्म तर नाहीच. ओपन मीटिंगला घरचं माणूस सोबत आणता येतं, क्लोज्ड मीटिंग फक्त व्यसनींची. पहिल्या दिवशी बोलायचं नसेल तर ‘आज फक्त ऐकतो’ म्हटलं की पुरतं. चहा घ्या, आणि चहाच्या वेळी दोघा-तिघांचे मोबाइल नंबर घ्या. नवखी माणसं लाजून नेमकं हेच करत नाहीत. रात्री अकराला तलफ आली की बायबलपेक्षाही आधी हा नंबर कामाला येतो. जुने लोक ‘नव्वद दिवसांत नव्वद मीटिंगा’ म्हणतात. ज्याची शिफ्ट आहे, ज्याला बदलापूरहून यायचंय, त्याला ते जमणार नाही. पण पहिले तीन महिने आठवड्यातून चार तरी गाठा. स्पॉन्सर निवडताना पुरुषानं पुरुष आणि बाईनं बाईच निवडावी.

बायकांविषयी इथेच लिहितो. पिणारी बाई मुंबईत सगळ्यात एकटी असते. नवऱ्याच्या दारूसाठी चर्च प्रार्थना करतं, बाईच्या दारूवर कुजबुज करतं. तिनं सरळ ओपीडीतून सुरुवात करावी. तिथे गुप्तता पाळणं डॉक्टरला बंधनकारक आहे. मीटिंगमध्ये जुन्या सोबर बायका कोण आहेत ते विचारून त्यांच्या शेजारी बसावं.

सेंटरमध्ये राहायचं ठरलं तर

सगळ्यांनाच अॅडमिट व्हावं लागत नाही. पण घरात पिणारे आणखी असतील, आधी दोनदा सोडून पुन्हा सुरू झाली असेल किंवा राहायलाच जागा नसेल तर सेंटर बरं. पुण्याचं मुक्तांगण मराठी माणसाला माहीत असतंच, डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचटांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं. तिथे ख्रिस्ती उपासना नाही, पण माझ्या ओळखीचे किती तरी चर्चवाले तिथून बरे होऊन आले आणि रविवारी बाकावर बसले. सेंटर ख्रिस्ती असलंच पाहिजे हा हट्ट कशाला?

नाव न ऐकलेल्या सेंटरमध्ये पैसे भरण्याआधी स्वतः जाऊन बघा. मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतात? रात्री फिट आली तर कोण बघतं आणि कोणत्या हॉस्पिटलात नेतात? डॉक्टरांनी आधी दिलेली औषधं चालू ठेवू देतात का? घरी फोन कधी करू देतात? महिन्याचे पैसे किती, आणि त्याची पावती? नोंदणीचा कागद मागा. दारू आणि अमली पदार्थांशी संबंधित मानसिक विकार २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याखाली येतात, आणि त्या कायद्यानं रुग्णाला साखळीनं बांधायला साफ मनाई आहे. ‘चार पोरं पाठवून रात्री उचलून आणतो’ असं फोनवर सांगणारं सेंटर, मग भिंतीवर कितीही मोठा क्रूस लावलेला असो, नको.

गर्द-एमडीवाल्यांना आणखी एक भीती असते: उपचाराला गेलो तर पोलीस आत टाकतील. १९८५ च्या एनडीपीएस कायद्यातलं कलम ६४-क वाचून घ्या. नशा करण्याचा किंवा अगदी थोडा माल बाळगण्याचा आरोप असलेला माणूस स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला गेला तर त्याला खटल्यापासून संरक्षण आहे. उपचार अर्धवट सोडला तर मात्र ते काढून घेतलं जाऊ शकतं. केस आधीच चालू असेल तर वकिलाला हे कलम दाखवा.

सकाळ आणि संध्याकाळ

बायबल उत्पत्तीपासून सुरू करू नका. लेवीयापर्यंत पोचता पोचता माणूस कंटाळतो. लूकचा १५ वा अध्याय घ्या, उधळ्या पुत्राचा. मग मार्कचं शुभवर्तमान, सोळाच अध्यायांचं. त्यातल्या नवव्या अध्यायात एक बाप येशूला सांगतो की माझा विश्वास आहे, माझ्या अविश्वासाला मदत कर. पहिल्या आठवड्याची प्रार्थना म्हणून तेवढं एक वाक्य पुरे. दारुड्याचं हुबेहूब चित्र हवं असेल तर नीतिसूत्रे २३, शेवटची सात वचनं. त्यात झोकांड्या आहेत, भास आहेत, आणि शुद्धीवर आल्यावर पुन्हा तीच मागणंही आहे. रोमकरांच्या पत्राचा सातवा अध्याय ‘मला जे नको तेच मी करतो’ असं म्हणणाऱ्यासाठी. स्तोत्र ५१ रात्रीसाठी. पंधरा मिनिटं वाचा, मोठ्यानं वाचा. लोकलमध्ये वाचलंत तरी चालतं, फक्त परतीच्या गाडीत डोळे पुस्तकात ठेवा आणि उतरल्यावर नेहमीचा जिना घेऊ नका. स्टेशनच्या ज्या बाजूला तुमचा बार आहे ती बाजू सोडून दुसरीकडून बाहेर पडा, दहा मिनिटं जास्त चालावं लागलं तरी. प्रलोभनाबरोबर देव निभावाचा उपायही करतो, असं पौलानं करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात, १०:१३ ला, लिहिलंय. ठाण्याला तो उपाय म्हणजे पूर्वेचा जिना असू शकतो.

भूक, राग, एकटेपणा, थकवा: तलफ आली की या चारांतलं काय आहे ते आधी बघा. भूक असेल तर वडापाव खा. वडापावनं बऱ्याचदा पंधरा मिनिटं निघतात आणि तलफेची लाट तेवढ्यात ओसरते. पगार बायकोच्या किंवा आईच्या खात्यात वळवा. गटारी, धुळवड, ३१ डिसेंबर, कंपनीची पार्टी आणि सप्टेंबरातली वांद्र्याची जत्रा, या दिवसांचं नियोजन आधीच करा. मीटिंग, मावशीचं घर, गावची गाडी, जे जमेल ते.

डॉक्टरनं डायसल्फिरम दिलं असेल तर नीट ऐका. या गोळीवर दारू गेली की चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. जीवही जाऊ शकतो. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. अल्कोहोल असलेलं खोकल्याचं औषधही टाळायचं. आणि प्रभुभोजन? कॅथलिकांनी फक्त पवित्र भाकर घ्यावी. एका रूपात ख्रिस्त पूर्ण आहे हीच चर्चची शिकवण, तेव्हा काही राहून गेलं असं होत नाही. प्रॉटेस्टंट मंडळीत प्याल्यात साधा द्राक्षांचा रस आहे की आंबलेला, हे पाळकांना आधी विचारा. आंबलेला असेल तर नुसती भाकर घेतो म्हणून सांगा. औषध चालू नसलं तरी हेच करावं असं माझं मत. काही बायका ही गोळी नवऱ्याच्या भाजीत गुपचूप मिसळतात. कृपा करून असं करू नका. त्याला माहीत नसताना तो पिणारच, आणि मग काय होतं ते वर लिहिलंय.

कबुली, भरपाई आणि साक्ष

चौथ्या आणि पाचव्या पायरीवर आयुष्याचा हिशेब कागदावर मांडून तो देवाजवळ आणि एका माणसाजवळ उघड करायचा असतो. याकोबाच्या पत्रातही पापं एकमेकांजवळ कबूल करायला सांगितलंय. कॅथलिक माणसाला पापनिवेदनाची सोय आहेच, आणि तिथे बोललेलं फादर कोणालाही सांगू शकत नाही, पोलिसांनाही नाही. प्रॉटेस्टंट पाळकावर तसा सक्त नियम नसतो. ‘हे तुमच्यापाशीच राहील ना, पाळकीणबाईंनाही नाही ना?’ असं आधी विचारून घेणं गैर नाही.

मग भरपाई. बायबलमधल्या जक्कय नावाच्या जकातदारानं लुबाडलेलं चौपट परत करायचं ठरवलं होतं. तुम्ही किराणावाल्याच्या वहीपासून सुरू करा. डब्लिनचा मॅट टॅलबट नावाचा एक मजूर होता, १८५६ ते १९२५. लहानपणापासून प्यायचा. १८८४ साली तीन महिन्यांची शपथ घेतली, ती वाढवत नेली आणि मरेपर्यंत पुन्हा प्यायला नाही. दारूच्या दिवसांत त्यानं एका गरीब वादकाचं फिडल चोरलं होतं. सोडल्यावर तो त्या माणसाला शोधत हिंडला, सापडला नाही, तेव्हा त्याच्या नावानं मिस्सा म्हणून घेतल्या. कॅथलिक चर्चनं त्याला १९७५ साली ‘वंदनीय’ म्हटलं. ज्याला भरपाई केल्यानं उलट इजा होईल, म्हणजे जिचा संसार तुमच्या कबुलीनं मोडेल अशी बाई वगैरे, तिथे गप्प राहायचं. नवव्या पायरीतही तसं म्हटलेलं आहे.

साक्षीबद्दल मी थोडा कडवट आहे. महिना झाला नाही तोच मंडळी माणसाला स्टेजवर उभं करतात, हातात माइक देतात, मोबाइलवर व्हिडिओ काढतात आणि तो शंभर ग्रुपांवर फिरतो. त्या माणसाला वाटतं आपण जिंकलो. पुढे कधी घसरला तर त्याला तोंड दाखवायला चर्च उरत नाही. त्यानं एकट्याचं नाही, सगळ्या मंडळीचं नाक कापलेलं असतं ना! पहिलं वर्षभर साक्ष मागणाऱ्याला ‘नंतर’ म्हणा. द्यायचीच तर मीटिंगच्या खोलीत द्या, जिथे कॅमेरा नाही आणि ऐकणारे सगळे त्याच गल्लीतून आलेत. चर्चमध्ये त्याऐवजी खुर्च्या मांडा, चपलांच्या रांगा लावा, म्हाताऱ्यांना रिक्षेत बसवून द्या.

घरच्यांनी काय करायचं

पिणाऱ्याच्या घरच्यांसाठी अल-अॅनॉन आहे. १९५१ साली बिल विल्सनच्या बायकोनं, लोइसनं, मैत्रिणीबरोबर उभं केलेलं. नवरा मीटिंगला जात नसला तरी बायकोनं जावं. उधारी फेडू नका, ऑफिसात ‘ताप आलाय’ असा खोटा फोन करू नका. मार खात असाल तर ‘सत्तर वेळा सातदा क्षमा कर’ हे वचन कोणी तोंडावर फेकलं तरी त्या घरात थांबायची सक्ती त्यात नाही. क्षमा लांबूनही करता येते. २००५ चा घरगुती हिंसाचारविरोधी कायदा आहे, महिला हेल्पलाइन १८१ आहे आणि तातडीला ११२.

घसरलात तर

चीनमध्ये मार्क जी तियानशियांग नावाचे वैद्य होते. पोटाच्या दुखण्यावर अफू घेतली आणि अडकले. पापनिवेदनात तेच तेच पाप पुन्हा पुन्हा आल्यानं पाद्र्यानं त्यांना संस्कार नाकारले. तीसेक वर्षं ते कम्युनियनशिवाय चर्चमध्ये येत राहिले. अफू सुटली नाही. १९०० साली बॉक्सर बंडात त्यांना विश्वास सोडायला सांगितलं तेव्हा त्यांनी नकार दिला आणि कुटुंबासह मरण पत्करलं. २००० साली ते संत झाले. घसरलेला माणूस देवाच्या यादीतून निघून जातो असं ज्याला वाटतं त्याला हे सांगावं. व्यसन चालू ठेवायला सबब म्हणून मात्र कोणी वापरू नये. तुमच्याकडे जी औषधं आणि माणसं आहेत ती त्यांच्याकडे नव्हती.

प्यायलात तर त्याच दिवशी, उतरायची वाट न बघता, स्पॉन्सरला फोन करा. ‘एकच पेग झाला’ असं सांगू नका, किती झाली ते सांगा. दोन-चार दिवस सलग झाली असेल तर परत एका झटक्यात थांबवू नका, पुन्हा ओपीडी. गर्दवाल्यानं घेतलीच तर पूर्वीच्या मापानं कदापि घेऊ नये आणि एकट्यानं दार लावून बसू नये. डायसल्फिरमवर असताना प्यायला असाल तर अंग ठीक वाटत असलं तरी कॅज्युअल्टीत जा आणि गोळीचं नाव डॉक्टरला सांगा. पाळकांना किंवा फादरना दुसऱ्या दिवशी भेटा, आणि त्यांनी तोंड वाकडं केलं तर दुसऱ्या चर्चमध्ये जा. मुंबईत चर्चेस पुष्कळ आहेत. संध्याकाळची मीटिंग चुकवू नका. तिथे ‘आज कोणी नवीन आहे का?’ असं विचारतात तेव्हा पुन्हा हात वर करायचा.